काठावरची चूक

चूक नेमकी त्याच जागी होती. कालच्या भिंगावर तिथेच, परवाच्याही तिथेच. अगदी काठाला चिकटून नखाएवढा धुरकट डाग, आणि त्याभोवती माल तपासणाऱ्या चेकरकाकांच्या मेणखडूचं लाल वर्तुळ. ती परत आलेल्या मालाच्या कपाटासमोर उभी होती. आली होती खरं तर दुसऱ्याच कामाला. दुपारच्या वर्गात सुपरवायझर लोकांना दाखवायला दोन-चार फसलेले नमुने हवे होते. पॉलिश खात्यातल्या आत्याच्या खणातली भिंगं एकेक करून उजेडाकडे धरता धरता ती एकदम थांबली. ज्याला काम येत नाही त्याचे डाग कुठेही पडतात. मध्ये पडतात, आडवे पडतात, एकावर एक पडतात. हे डाग मात्र शिस्तीत एका जागी बसलेले होते. आणि जागाही अशी, की चौकटीत बसवताना भिंगाचा काठ घासून टाकतात त्यात ती मुळातच जाणार. म्हणजे चूक होऊन नुकसान कुणाचंच नाही. इतकं बेतून चुकायला हात किती तयार लागत असेल, हे तिच्या ध्यानात आलं, आणि का कोण जाणे, तिचा स्वतःचा हात स्वेटरच्या बटणांकडे गेला.

चष्म्याच्या भिंगांच्या त्या कारखान्यात तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे, सदा फळ्याशी उभी म्हणून, फळाबाई. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. माणसं कशी शिकतात, शिकलेलं का सोडून देतात, पगार तोच असताना एक जण जीव ओतून काम करतो आणि दुसरा पाट्या का टाकतो, हे सुपरवायझरांना समजावून सांगायचं, ही तिची नोकरी. सध्या साहेबांना तिच्याकडून तुलना हवी होती. शिकण्याचे आणि कामाच्या ओढीचे जे काही सिद्धांत असतील ते शेजारी शेजारी मांडा, आपल्याला कुठला चालेल ते सांगा, म्हणजे तशी पद्धत लावून टाकू. लावून टाकू हा साहेबांचा लाडका शब्द. पद्धत त्यांनी मनात ठरवलेलीच होती म्हणा. तपासणीला यंत्र आणायचं, चूक सापडली की कामगाराच्या टेबलावर लाल दिवा लागणार, आठवडाभर दिवा लागला नाही तर नावापुढे तारा, आणि तारे साठले की बक्षीस. यंत्र आलं की चेकरकाकांना लवकर निवृत्ती. ज्यांचा माल रोज परत येतो त्यांना पॅकिंगला धाडायचं. अशांत आत्याचं नाव पहिलं होतं, आणि त्याला गेल्या आठवड्यात मान डोलावून हो म्हणणारी दुसरीतिसरी कुणी नव्हती, फळाबाईच होती. उद्या सकाळी तसं लेखी द्यायचं तेवढं राहिलं होतं.

आत्या कुणाच्याच बापाची बहीण नव्हती, पण सगळ्या पॉलिश खात्याची आत्या होती. कोपरापर्यंत गुलाबी पॉलिशचा चिखल, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं बेताचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा दूरच्या गावी. तो फोनवर जेवलीस का विचारायचा आणि उत्तर यायच्या आत ठेवून द्यायचा, असं तीच हसत हसत सांगायची. या खात्याची एक जुनी रीत होती. चांगलं भिंग मुकाट्याने ट्रेमध्ये जायचं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. वाईट भिंगावर मात्र लाल वर्तुळ पडायचं, आणि मग चेकरकाका बगलेत आपलं स्टूल मारून, दोन रांगांमधून हळूहळू चालत त्या माणसाच्या टेबलाशी यायचे. शेजारी बसायचे, दिवा लावायचे, भिंग धरायचे आणि बोट टेकवून म्हणायचे, इथे. डाग निघेपर्यंत उठायचे नाहीत. बाकीची मंडळी ते स्टूल हललं की एकमेकांना डोळे घालायची, आला यमदूत, कुणाची भरली बघा. आत्या मात्र त्या वेळी कोरडं फडकं घेऊन टेबलाचा एक कोपरा पुसत असायची. हे पुसणं फळाबाईने कितीतरी वेळा काचेतून पाहिलं होतं आणि टापटीप म्हणून सोडून दिलं होतं. आज कपाटापाशी उभ्या उभ्या तिला कळलं, की तो कोपरा म्हणजे काकांच्या कोपराची जागा होती.

दुपारी तिने फळ्यावर चार रकाने आखले. पहिल्यात बक्षीस आणि शिक्षा: ज्याचं फळ गोड ते माणूस पुन्हा करतो, ज्याचं कडू ते सोडतो. दुसऱ्यात गरजांची शिडी, आधी पोट, मग डोक्यावर छप्पर, मग चार माणसांत मान. तिसऱ्यात बघून शिकणं, म्हणजे शेजारचा करतो ते डोळ्यांनी उचलणं. चौथ्यात आतली ओढ, जिला बाहेरून तारे चिकटवले तर उलट ती विझते. कुठला कुठे तोकडा पडतो, कुठला नव्या माणसाला लागू पडतो, कुठला मुरलेल्याला, हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. सुपरवायझरांत एक जण होता, फाटे फोडायची सवय म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. त्याने हात वर केला आणि विचारलं, की बाई, समजा शिक्षा दिली आणि तरी माणूस तीच चूक रोज करतोय, मग तुमचा पहिला रकाना पुसायचा का? वर्ग हसला. तिने वर्षानुवर्षं दिलेलं उत्तर दिलं: "तर मग ती शिक्षा नसते. आपण तिला शिक्षा म्हणतो एवढंच. त्याच्या लेखी ते बक्षीस असतं." वाक्य नेहमीचं होतं, पण आज ते तोंडातून निघून थेट तिच्याच कानावर आदळलं. ती खडू घेऊन फळ्याकडे वळली आणि काही न लिहिता जरा जास्तच वेळ तशी उभी राहिली. खडूचा वास, बंद खोलीतली ऊब, मागे खुर्च्यांची चुळबुळ, आणि या सगळ्याच्या मधून यंत्राच्या तेलाचा एक जुना वास येऊ लागला, जो या खोलीत असणं शक्यच नव्हतं.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. रात्रपाळी करून ते घरी यायचे तेव्हा ती शाळेला निघालेली असायची. पायांतलं काढणारा बाप आणि पायांत घालणारी लेक यांची दारात गाठ पडायची तेवढीच. बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पंपांच्या घरघरीत राहून राहून जीभ गंजली माझ्या नवऱ्याची, असं आई म्हणायची. दादाच्या डोक्यावर एक टपली, हिच्या डोक्यावर एक टपली, की ते आत जाऊन झोपायचे, आणि संध्याकाळी मुलं खेळून यायच्या आत पुन्हा कामावर. एकदा घाईघाईत हिच्या स्वेटरचं वरचं बटण खालच्या काजात गेलं. बाबांनी पाहिलं. हातातली पिशवी खाली ठेवली, हिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "चुकलं. खालून सुरू करायचं." मग सगळी बटणं सोडून, अगदी खालच्यापासून एकेक. गार बोटं, नखांत अडकलेलं काळं तेल, मान खाली घातल्यामुळे दिसणारा त्यांच्या डोक्यावरचा भोवरा, आणि प्रत्येक काजापाशी क्षणभर थांबणारा श्वास. दुसऱ्या दिवशी तिने बटणं नीट लावली, तर टपली मिळाली आणि संपलं. तिसऱ्या दिवशी तिने ती चुकवली. मग रोजच चुकवू लागली, तीही मुद्दाम सगळ्यात वरचं, म्हणजे दारात शिरताक्षणी दिसावं. आई कपाळाला हात लावायची, एवढी घोडी झाली तरी बटणं येत नाहीत, पालथ्या घड्यावर पाणी नुसतं. बाबा काही म्हणत नसत. ते पिशवी ठेवून बसायचे. पुढे ती मोठ्या शाळेत गेली आणि तिथल्या गणवेशाचा स्वेटर डोक्यातून घालायचा निघाला. पहिल्या दिवशी बाबा दारात आले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पिशवी हातात तशीच ठेवून थोडे थांबले. मग टपली मारून आत गेले. त्या दिवशी ती शाळेच्या वाटेवर रडली होती आणि मैत्रिणीला पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं. मागून वकिलाने विचारलं, बाई, पुढे? तेव्हा तिला कळलं की तिच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले आहेत.

वर्ग सुटल्यावर ती चेकरकाकांकडे गेली. ते खिडकीशी बसून भिंगं पाहत होते. तिने आडून आडून न विचारता सरळ विचारलं, "काका, काठ तर शेवटी घासूनच जातो ना?"

"जातो."

"मग आत्याची भिंगं परत का करता?"

काकांनी चष्मा काढला, तो शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. चूक ती चूक, मॅडम, असं काहीतरी पुटपुटले. तिला वाटलं आता एवढ्यावरच बोळवण होणार. पण भिंगाकडेच पाहत ते म्हणाले, "दिवसभरात माझ्यासाठी जागा पुसून ठेवणारं दुसरं कोण आहे इथे?" मग त्यांनी पुढचं भिंग उचललं, आणि ती तिथून निघाली.

साहेबांच्या केबिनमध्ये तिने प्रयत्न केला, नाही असं नाही. आत्या शिकण्यात मागे नाही, उलट खात्यात सगळ्यात पुढे आहे, असं तिने सांगितलं, आणि सांगता सांगता तिलाच ते हास्यास्पद वाटू लागलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्याच तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, की हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसवू? मुद्दाम चुकणारी बाई आणि मुद्दाम ती चूक पकडणारा म्हातारा, आणि दोघांमध्ये दिव्याच्या उजेडात धरलेलं एक भिंग. याला प्रेम म्हणावं तर दोघंही लाजून मेली असती, आणि सवय म्हणावं तर तो कोपरा पुसण्याचा अपमान झाला असता. कुणीतरी शेजारी येऊन बसावं, आपण केलेल्या गोष्टीकडे नीट पाहावं आणि इथे म्हणावं, एवढंच. तिची स्वतःची हीच भूक कित्येक वर्षांची होती. नवऱ्याशी फारकत झाली ती गोष्ट निराळी, पण तेव्हापासून तिची मागे दुमडलेली कॉलर सरळ करणारंही कुणी राहिलं नव्हतं. दिवसभर दुमडलेल्या कॉलरने फिरून संध्याकाळी आरशात ते दिसायचं, आणि त्या एवढ्याशा गोष्टीने तिला भडभडून यायचं. हे साहेबांना काय सांगणार, कप्पाळ. संध्याकाळी फोन करतो, एकदाचं हो म्हणून टाका, असं साहेब म्हणाले. तिने बरं म्हटलं आणि पर्स उचलली.

आज दादाकडे जायचा वार होता. बाबा दादाकडे असत. आई गेल्यावर त्यांच्या आठवणीला हळूहळू गळती लागली होती. नावं गेली, वार गेले, आताशा मधूनच उठून पाणी सोडलं का म्हणून विचारायचे, आणि सोडलं सांगितलं की निश्चिंत व्हायचे. हिला कधी ओळखायचे, कधी हिच्यात आई बघायचे. तिच्या हातात एक पिशवी होती आणि कालपर्यंत तिला त्या पिशवीचं फार कौतुक होतं. आत बाबांसाठी सदरे होते, मऊ कापडाचे, डोक्यातून घालायचे, बिनबटणांचे. कारण गेले कित्येक महिने ती जाई तेव्हा बाबांची बटणं चुकलेली असत. कॉलरचं एक टोक वर, एक खाली, गळ्याशी कापडाचा फुगा. ते पाहिलं की तिला रडू यायच्या आधी राग यायचा. ती उभ्या उभ्याच वरची दोन बटणं सोडून झटपट लावून टाकायची, बाबा असं काय करता म्हणायची, फळं कापून द्यायची, घड्याळाकडे बघायची. एकदा वहिनीला बोलूनही बसली होती, की त्यांच्याकडे जरा लक्ष देत जा. वहिनी फणकाऱ्याने म्हणाली होती, "अगं, सकाळपासून नीट लावलेली असतात. तू यायच्या वेळीच कशी चुकतात देव जाणे." हिला तो टोमणा वाटला. नणंद-भावजयीचं नातंच असं, सरळ बोललेलंही वाकडं लागतं. त्यानंतर बरेच दिवस दोघी एकमेकींशी कामापुरत्याच बोलत होत्या. रस्त्याने चालताना तिला हे सगळं आठवत होतं, आणि तरीही, इतकं सगळं हातात असूनही, तिला काही कळलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या खणातली चूक उजेडाकडे धरून पाहणं सोपं असतं. तिच्या डोक्यात आत्याच होती, आणि साहेबांना काय सांगायचं तेच घोळत होतं.

दार वहिनीने उघडलं. तिच्या एका हातात सुरी होती, ती दारातूनच आत ओरडली, "बाबा, छोटी आलीय." पन्नाशी उलटली तरी या घरात ती छोटीच होती. वहिनी स्वयंपाकघरात वळली आणि ही बुटांची नाडी सोडायला पॅसेजमध्ये वाकली. तिथून बाबांच्या खोलीचं अर्धं उघडं दार दिसत होतं, आणि दारातून कपाटाचा आरसा, आणि आरशात बाबा. ते पलंगाच्या कडेला बसले होते. सदरा स्वच्छ होता, कॉलरची दोन्ही टोकं एका रेषेत, बटणं वरपासून खालपर्यंत जागच्या जागी. हाक ऐकून त्यांनी मान वर केली. जरा सावरून बसले. मग त्यांचे दोन्ही हात गळ्याशी गेले. वरचं बटण त्यांनी सोडलं. बोटं थरथरत होती, वेळ लागत होता. खालचंही सोडलं. मग वरचं बटण चिमटीत धरून, जीभ ओठांत दाबून, ते खालच्या काजात घालू लागले. एकदा निसटलं, दुसऱ्यांदा निसटलं. तिसऱ्यांदा गेलं. गळ्याशी कापडाचा फुगा आला तो त्यांनी बोटाने चाचपून पाहिला, आला आहे याची खात्री केली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि दाराकडे डोळे लावून बसले.

ती एक बूट हातात घेऊन तशीच राहिली. आधी तिला काही वाटलंच नाही, मग एकदम सगळं वाटलं. या माणसाला तिचं नाव आठवत नव्हतं. पण कुणीतरी दारातून येतं, गळ्याशी चूक दिसली की ते थांबतं, जवळ येतं, हात लावतं, एवढं त्यांच्या बोटांनी कुठेतरी जपून ठेवलं होतं. आणि हे त्यांनी शिकावं कुणाकडून? तिचा तिसरा रकाना, माणूस बघून शिकतो. म्हणजे तेव्हाही त्यांनी पाहिलेलं होतं. शाळेला निघताना घराच्या दारात रोज वरचं बटण चुकवून उभी राहणारी पोर काय मागत होती हे त्या मुक्या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि ते पिशवी ठेवून रोज देत होते. आणि आपण? आपण उभ्या उभ्या, घड्याळाकडे बघत, वरची दोन बटणं. तिला स्वतःची शरम वाटली, आणि त्या शरमेच्या खाली तेवढंच सुख वाटलं. वहिनी बाहेर आली आणि तिने पिशवीकडे बोट दाखवून त्यात काय म्हणून विचारलं. ती म्हणाली, काही नाही, चुकीचं आलंय, परत करायचंय. मग म्हणाली, "वहिनी, तू म्हणत होतीस ते खरं होतं."

"काय म्हणत होते मी?" वहिनीला आठवतही नव्हतं. ती चहा ठेवायला गेली.

ही खोलीत गेली आणि बाबांसमोर उकिडवी बसली. तिचे गुडघे करकरले. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान किंचित वर केली, गळा पुढे केला, लहान मुलं करतात तशी. "चुकलं, बाबा," ती म्हणाली. तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजला. साहेब. तिने एका हाताने तो उचलला, दुसरा हात बाबांच्या सदऱ्यावरच होता. "साहेब, आत्याला हलवायचं नाही. काकांनाही नाही. काकांनी चांगलं भिंग घेऊनही प्रत्येकाच्या शेजारी बसायचं, अशी पद्धत लावा. रकाना नसला तर पाचवा काढू." साहेब काहीतरी विचारत होते, ते उद्या सांगते म्हणून तिने फोन पालथा घातला आणि सगळी बटणं सोडली. अगदी खालच्यापासून सुरुवात केली. तिने घाई केली नाही. प्रत्येक काजापाशी थांबली. बाबांच्या बंडीला साबणाचा वास येत होता, तेलाचा नाही, तो कधीच गेला होता, तरी तिने दीर्घ श्वास घेऊन शोधून पाहिला. तिची मान खाली होती, आणि वरून आपला भोवरा त्यांना दिसत असणार हे तिला जाणवत होतं. थोड्या वेळाने त्यांचा हात तिच्या मानेशी आला. टपली नव्हती. तिच्या स्वेटरची मागे दुमडलेली कॉलर त्यांनी चाचपली आणि सरळ केली.

तिला वर बघवेना. मधलं एक काज तिने मुद्दाम सोडून दिलं आणि तशीच वर गळ्यापर्यंत गेली. एक बटण उरलं, कॉलरचं टोक वर आलं. बाबांनी ते बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी आलं.

"चुकलं," ते म्हणाले. "खालून सुरू करायचं."

वहिनीने चहा आणून ठेवला. तो निवत गेला, आणि ती बटणं सोडून पुन्हा खालच्याशी आली.